ॲपवर ऑर्डरी वाढल्या पण हातात काही उरत नाही, थाळीचा दर किती ठेवू?

नाशिकच्या सिडकोतल्या एका ताईंचा प्रश्न आहे, आधी थोडक्यात सांगते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. त्यांचं पोळीभाजी केंद्र आहे. तीन पोळ्या, भाजी, वरण, भात, कोशिंबीर अशी थाळी काउंटरवर 110 रुपयांना जाते. दोन महिन्यांपूर्वी त्या डिलिव्हरी ॲपवर आल्या. ॲपचा माणूस म्हणाला दर तोच ठेवा आणि सुरुवातीला 20 टक्के सूट तुमच्याकडून द्या, म्हणजे यादीत वर दिसाल. गेल्या महिन्यात ॲपवरून 214 थाळ्या गेल्या, पोळ्या करणाऱ्या मावशी थकून गेल्या आणि महिनाअखेरीला किराणावाल्याचं बिल भागेना. आता त्या विचारतायत की ॲपवर दर वाढवू का, पण वाढवला तर रोजची गिऱ्हाईकं म्हणतील ताई लुटायला लागली, का सरळ ॲपच बंद करून टाकू?

ताई, मी पुण्यात धायरीला 17 वर्षं खानावळ चालवते आणि 2018 पासून ॲपवर आहे. ओळखीच्या आठ-दहा जणांचे हिशोबही बसून लावून दिलेत, त्यात जवळपास सगळ्यांची गोष्ट तुमच्यासारखीच निघाली. म्हणून जरा लांबलचक लिहिते, वाचा शेवटपर्यंत.

तुमच्या प्रश्नात दर वाढवण्याचा विषय आहे पण अडचण त्याच्या आधीच सुरू झालीये. काउंटरवरची थाळी आणि ॲपवरची थाळी तुम्ही एकच धरलीत. अन्न एकच आहे हो, एकाच पातेल्यातलं, पण त्या दोन वेगळ्या विक्र्या आहेत आणि दोन्हीचा खर्च वेगळा. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरच लावून दाखवते. माल 46, गॅस 6, मावशींची मजुरी ताटामागे 18, झाले 70. काउंटरवर 110 मधून 40 उरतात, त्यातून भाडं, लाइट आणि तुमची स्वतःची मेहनत. बरीच माणसं डबा घरून आणतात त्यामुळे पॅकिंग जवळपास नाहीच.

आता तीच थाळी ॲपवर. 110 मधून तुमची 20 टक्के सूट गेली, राहिले 88. त्यावर 22 टक्के कमिशन म्हणजे 19 रुपये 36 पैसे. कमिशनवर 18 टक्के जीएसटी, साडेतीन रुपये. पेमेंटचे म्हणून दोन टक्के वेगळे कापतात (माझ्या करारात आहेत, तुमच्यात बघून घ्या), तेही जीएसटी धरून दोन रुपये. एकूण जवळजवळ 25 गेले, तुमच्या खात्यात आले 63. त्यातून पॅकिंगचे 12 गेले की 51. आणि ताटाचा खर्च 70. म्हणजे प्रत्येक थाळीमागे 19 रुपये तुम्ही खिशातून घातलेत, 214 थाळ्यांचे झाले 4,066. किराणावाल्याचं बिल का भागलं नाही ते इथे दिसतंय. मावशींचा पगार तर द्यायचाच होता म्हणून तो बाजूला ठेवला तरी माल आणि गॅस मिळून 52, आणि आले 51. एकेका ऑर्डरीला पातेल्यातला मालसुद्धा सुटला नाही. काम वाढलं की तोटा वाढत होता, आणि वरून फोनवर ऑर्डरीचा आकडा बघून बरं वाटत होतं. हे माझंही 2018-19 मध्ये झालंय, तब्बल सात महिने, म्हणून तुमचा मेसेज वाचून काळजात चर्र झालं.

अजून एक बघा, कमिशन सूट वजा करून उरलेल्या रकमेवर लागतं का मूळ छापील दरावर, हे करारावर अवलंबून आहे. मूळ दरावर असेल तर वरच्या हिशोबात आणखी पाचेक रुपये गेले. कमिशनचा टक्काही सगळ्यांना सारखा नसतो, शहर, भाग, डिलिव्हरी कोण करतं, तुम्ही किती घासाघीस केली यावर बदलतो. त्यामुळे माझे आकडे तसेच्या तसे उचलू नका, तुमचं आठवड्याचं स्टेटमेंट काढा आणि प्रत्येक कपातीच्या नावापुढे ती कशावर लागलीये ते पेन्सिलने लिहा. मला हे एका चार्टर्ड अकाउंटंट भाच्याने बसून शिकवलं आणि त्या एका संध्याकाळीच मला कळलं की मी कधीच हो न म्हटलेली एक सूट-योजना माझ्या मेनूवर तीन आठवडे चालू होती. ॲपला फोन केला तर म्हणाले तुमच्या पॅनलवर (ॲपमध्ये दुकानदारासाठी असतं त्या पानावर) सूचना आली होती, तुम्ही नको म्हटलं नाहीत म्हणून सुरू झाली. पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून दर सोमवारी सकाळी दूध यायच्या आधी पॅनलवरचं ऑफर्सचं पान उघडून बघायचं हा माझा नेम आहे.

जीएसटीचा एक गुंता सांगून टाकते कारण त्यावरून गिऱ्हाईकाशी वाद होतात. 1 जानेवारी 2022 पासून ॲपवरून गेलेल्या जेवणावरचा 5 टक्के जीएसटी ॲपच गिऱ्हाईकाकडून घेऊन सरकारला भरतं, तुमचं स्वतःचं जीएसटी रजिस्ट्रेशन असो वा नसो. तुमची उलाढाल 20 लाखांच्या आत आहे म्हणून तुम्ही काउंटरवर जीएसटी लावत नाही. म्हणजे दर अगदी तोच ठेवला तरी ॲपवरच्या गिऱ्हाईकाला 5 टक्के जास्तच पडणार. आणि तुमच्याकडून कमिशनवर जो 18 टक्के जीएसटी घेतात तो आपल्यासारख्यांना कुठेही वळता करून मिळत नाही, पुढे रजिस्ट्रेशन घेऊन 5 टक्केवाल्यात बसलात तरी नाही. तो सरळ खर्च म्हणूनच मांडायचा. खूप जण इथे चुकतात, 22 टक्के कमिशन म्हणून 22 च धरतात, ते खरं जवळजवळ 26 असतं.

मग दर किती? काउंटरइतकेच 40 रुपये ॲपवरही उरायला हवे असतील तर सूट न देता गणित 170 वर जातं. 110 ची थाळी 170. सिडकोत पोळीभाजीला 170 कोणी देईल असं मला वाटत नाही, आणि त्यावर त्याला जीएसटी, डिलिव्हरी, प्लॅटफॉर्म फी वेगळीच. ही प्लॅटफॉर्म फी 2023 मध्ये 2 रुपयांनी सुरू झाली होती, आज दोन आकड्यांत आहे, आणि त्यातला एक रुपया आपल्याकडे येत नाही. मी असते तर 150 ठेवला असता, सूट शून्य. 150 मधून कमिशन-पेमेंट सगळं जाऊन 107 रुपये 50 पैसे हातात येतात. पॅकिंगचे 12 आणि ताटाचे 70 गेले की साडेपंचवीस उरतात. काउंटरपेक्षा कमी, पण उरतात. गिऱ्हाईकाच्या बाजूने बघितलं तर 150 वर साडेसात जीएसटी, वर डिलिव्हरी आणि फी धरून 200 च्या आसपास त्याच्या खिशातून जातात. त्याचे 200 जातात आणि आपल्याला 107 मिळतात, मधल्या पैशात पोचवणाऱ्या मुलाची मेहनत आहे, ॲपचा खर्च आहे, सरकारचा कर आहे. हे माहीत नसलं की गिऱ्हाईक आपल्याला शिव्या घालतं आणि आपण गिऱ्हाईकाला.

पण ऑर्डर कुठल्या वेळेला आली यावरही सगळं बदलतं, आणि तुमच्यासाठी माझ्या मते हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे. तुमच्या दोन मावशी मिळून तासाला दीडशेच्या आसपास पोळ्या करत असतील. तीन पोळ्यांची थाळी म्हटलं की तासाला 50 थाळ्या, त्याच्या वर तवाच पुरत नाही. दुपारी साडेबारा ते दोन काउंटरवर माणसं उभी असताना ॲपच्या 20 ऑर्डरी घेतल्या तर तेवढी काउंटरची माणसं वाट बघून निघून जातात. तिथे 40 सोडून तुम्ही 25 घेताय, आणि रोजचं माणूस गमावताय ते वेगळंच. उलट तीन ते साडेसहा मावशी बसून आहेत, पगार चालूच आहे, पीठ मळलेलं आहे, तेव्हा 150 ची ऑर्डर आली तर मजुरीचा जादा खर्च नाही, माल, गॅस, पॅकिंग जाऊन साडेत्रेचाळीस सुटतात. थाळी तीच, दर तोच, दुपारी एकला घाट्याचा सौदा आणि चारला फायद्याचा. मी जेवणाच्या गर्दीत सव्वा तास ॲप ऑफलाइन ठेवते. वारंवार बंद-चालू केलं तर यादीत खाली जातो असा माझा अनुभव आहे, म्हणून रोज ठरलेल्या वेळीच करते आणि पॅनलवर वेळाच तशा भरून ठेवल्यात. संध्याकाळसाठी थाळीऐवजी थालीपीठ-लोणी, पोळीचा लाडू, मसालेभात असं काही ठेवता आलं तर बघा, पोळ्यांच्या तव्यावर ताण येत नाही.

पावसात किंवा मॅचच्या दिवशी दर वाढवा असंही सुचवतील. पॅनलवर दर बदलायला एक मिनिट लागतं, तंत्र तेवढं सोपं झालंय. मी करत नाही. 19 किलोच्या सिलेंडरचा दर दर महिन्याच्या 1 तारखेला हलतो, कांद्याचा तर लासलगावला रोज हलतो, तरी मी दर जूनमध्ये आणि दिवाळीनंतर असे वर्षातून दोनदाच बदलते. टॅक्सीला हे चालत असेल, रोजच्या जेवणाला नाही चालत. ज्या मुलाचा महिन्याचा जेवणाचा खर्च ठरलेला आहे त्याला पाऊस पडला म्हणून वीस रुपये जास्त सांगायला माझी जीभ वळत नाही, आणि धंद्याच्या हिशोबानेही तो मुलगा महिन्यात 25 दिवस येतो हे जास्त मोलाचं आहे.

आता दुसरी एक युक्ती तुम्हाला कोणीतरी नक्की सांगेल, की मेनूवर थाळी 230 लावा आणि 35 टक्के सूट दाखवा, गिऱ्हाईकाला 150 लाच पडते आणि सूट बघून बोट लवकर दाबलं जातं. हे करू नका. एकतर खोटं आहे, 230 ला ती थाळी तुम्ही कधी विकलीच नाहीत. आणि कमिशन मूळ दरावर असेल तर पैशानेही मार खाता, 150 वर कमिशन जीएसटीसकट 39 बसतं, 230 वर जवळजवळ 60, म्हणजे ताटामागे 21 रुपये फक्त तो मोठा आकडा दाखवायची किंमत. शिवाय तुमचं काउंटरचं गिऱ्हाईकही घरी बसून ॲप उघडतं हो. 110 ची थाळी 230 दिसली की ते सूट-बिट बघत नाही, मनात एकच बसतं. पॅकिंग चार्जही वेगळा लावू नका, दरातच धरा. शेवटच्या पडद्यावर थोडे थोडे पैसे वाढवत नेण्याला केंद्र सरकारच्या नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ड्रिप प्रायसिंग म्हटलंय, फसव्या 13 प्रकारांच्या यादीत ते आहे. ॲपने काय करावं ते आपल्या हातात नाही, पण आपल्या बाजूचा आकडा एकच आणि पूर्ण असावा. हां, आणि सोबत पॅकबंद ताक किंवा पाण्याची बाटली ठेवलीत तर ती एमआरपीनेच, शिजवलेल्या जेवणाचा दर आपला आपण ठरवू शकतो, पॅकबंद मालाचं तसं नाही.

पॅकिंगवर जरा थांबते, कारण 12 रुपये म्हणून सोडून देण्यासारखं ते नाही. पाच खणांचा डबा झाकणासकट 8, पोळ्यांची फॉइल दीड, कोशिंबिरीची डबी 1, कागदी पिशवी दीड. 2018 मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून मी हे तीनदा बदललं. एका जुलैत खणाच्या डब्यातलं वरण गाडीवर हिंदकळून पोळ्यांत गेलं, सगळ्या पोळ्या भिजून लगदा, गिऱ्हाईकाने फोटो टाकला आणि ॲपने मला न विचारता पूर्ण रक्कम माझ्या पेमेंटमधून वळती केली. त्या एका थाळीचं नुकसान भरून यायला पुढच्या पाच थाळ्यांचं उरलेलं गेलं. आता वरण वेगळ्या गोल डबीत, झाकणाखाली पातळ प्लास्टिक कागद ताणून, आणि पोळ्या आधी बटर पेपरमध्ये मग फॉइलमध्ये, थेट गरम फॉइलमध्ये घातल्या की वाफेने चिकटतात. दोन रुपये वाढले, परताव्याच्या तक्रारी जवळजवळ थांबल्या. पॅकिंग ठरवताना तुम्ही स्वतः एक पार्सल स्कूटीच्या हुकला लटकवून वीस मिनिटं फिरवा आणि घरी येऊन उघडा, मग ठरवा.

आणि एकट्याच्या थाळीपेक्षा दोघांचा पार्सल ठेवून बघा. सहा पोळ्या, भाजी-वरण मोठ्या डब्यांत. कमिशन टक्क्यात असल्याने आपल्याला त्यात फरक नाही, पण पॅकिंग 24 च्या ऐवजी 16-17 मध्ये होतं आणि गिऱ्हाईकाची डिलिव्हरी, प्लॅटफॉर्म फी एकदाच लागते. दोघांचा 280 ठेवलात तरी त्याचे पैसे वाचतात आणि तुमचं फारसं जात नाही.

राहिली लोकं काय म्हणतील ही गोष्ट. ॲपवर दर वेगळा ठेवायची परवानगी करारात आहे का ते आधी बघा. काही करारांत दुसरीकडे कमी दराने विकायचं नाही असं कलम असतं. रेस्टॉरंट संघटनेच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने एप्रिल 2022 मध्ये झोमॅटो आणि स्विगीच्या चौकशीचे आदेश दिले त्यात हा दर-समानतेचा मुद्दाही होता, म्हणजे हा फक्त तुमच्या-माझ्या मनातला संशय नाही. ॲपचा माणूस तोंडी म्हणतो दर तोच ठेवा, त्याला सांगा कुठल्या कलमात लिहिलंय ते मेलवर पाठव. माझ्याकडे तसं कलम निघालं नाही, तो फक्त आग्रह होता.

माझ्याकडे एक इंजिनिअर मुलगा रोज जेवायचा, त्याने एकदा काउंटरवर सगळ्यांसमोर विचारलं की काकू, तुमची थाळी ॲपवर 40 रुपयांनी महाग का? मी गल्ल्यातून स्टेटमेंट काढून त्याच्या समोर ठेवलं. त्याने ते मोबाइलवर मांडलं, दोन मिनिटं गप्प बसला आणि म्हणाला मग तुम्ही हे लिहून का लावत नाही? दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं, "ॲपवरचे दर वेगळे आहेत, कारण कमिशन आणि पॅकिंग. दीड किलोमीटरच्या आत फोनवर ऑर्डर द्या, काउंटरचाच दर, पोचवायचे 15 रुपये." तो फळा आज पाच वर्षं तिथेच आहे. कोणी लुटारू म्हटलं नाही. उलट रोजच्यांपैकी बरेच फोनवर आले. यूपीआयवर जानेवारी 2020 पासून दुकानदाराकडून शुल्क घेत नाहीत, त्यामुळे व्हॉट्सॲपवर मेनू टाकला, क्यूआरवर पैसे आले, 110 ची थाळी आणि पोचवायचे 15, असे 125 काहीही न कापता पूर्ण येतात. शेजारचा कॉलेजचा मुलगा संध्याकाळी दोन तास सायकलवर पोचवतो, ते 15 त्याचे. दीड किलोमीटरच्या पलीकडे मात्र मला हे कधी जमलं नाही, तिथे ॲपच लागतं, आणि नवीन माणसाला आपलं नाव कळायला तर लागतंच. म्हणून ॲप बंद करा असं मी म्हणणार नाही. तुमचं दुकान मुख्य रस्त्यावर आहे का गल्लीत आतमध्ये, यावर पण आहे, आतमध्ये असेल तर ॲप हीच तुमची पाटी.

तर आजच्या आज 20 टक्क्यांची सूट बंद करा, याच्यासाठी कशाचीही वाट बघू नका, रोजचे सात थाळ्यांचे सव्वाशे-दीडशे रुपये त्यातच चाललेत. मग स्टेटमेंट आणि करार काढून कमिशन कशावर लागतंय ते बघा, त्यानंतर 150 च्या आसपास दर आणि दुपारच्या वेळा. सूट बंद केल्यावर पहिले दोन-तीन आठवडे ऑर्डरी बऱ्याच खाली येतील, माझ्या निम्म्याहून कमी झाल्या होत्या आणि मी घाबरून परत सूट चालू करणारच होते. 214 च्या 90 झाल्या आणि ताटामागे 25 राहिले तर महिन्याचे सव्वादोन हजार हातात येतात, आत्ता चार हजार जातायत. ॲपचा माणूस त्या आठवड्यात रोज फोन करेल. त्याला फक्त एवढं विचारा की सूट कमिशनच्या आधी धरता का नंतर, परताव्याचे पैसे कापायच्या आधी मला फोटो दाखवणार का, आणि नवीन ऑफर माझ्या हो शिवाय चालू होणार नाही असं लिहून देणार का. उत्तरं मेलवरच घ्या. मेल आला की मजकूर इथे टाका, नावं-नंबर झाकून, मी बघून सांगते.